सद्भावनापूर्वक मत : गर्भपाताच्या कायद्यातील चिकित्सकाचा निर्णय आणि त्यावरील देखरेख



वैद्यकीय गर्भपात अधिनियम, १९७१ या विषयाला आपल्या त्रैमासिकात जागा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या कायद्यान्वये गर्भसमापन करण्याचा अधिकार बी. ए. एम. एस. पदवीधरास नाही. आधुनिक वैद्यकाची मान्यताप्राप्त पदवी, राज्याच्या वैद्यक परिषदेकडील नोंदणी आणि स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील विहित अनुभव अथवा प्रशिक्षण असलेल्या चिकित्सकालाच कायद्याने ‘नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी’ मानले आहे. २०१४ साली केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या दुरुस्तीच्या मसुद्यात आयुर्वेदाच्या पदवीधरांचाही समावेश सुचविण्यात आला होता. त्यास आधुनिक वैद्यकाच्या संघटनेने विरोध केला, मसुदा कायद्यात उतरला नाही आणि २०२१ च्या दुरुस्तीतही ती तरतूद आली नाही. याविषयी आपल्यात मतभेद आहेत. त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही.

कारण प्रश्न निराळा आहे. ‘पाळी चुकली आहे, काही औषध द्या’ असे म्हणत येणारी स्त्री अनेक गावांत प्रथम आपल्याच चिकित्सालयाची पायरी चढते. ती पुढे नवव्या आठवड्यात योग्य स्थळी पोहोचते की एकोणिसाव्या की पंचविसाव्या, हे पुष्कळदा आपल्या पहिल्या दहा मिनिटांवर ठरते. शिवाय या कायद्याने एक असा पेच उभा केला आहे की जो कोणत्याही पॅथीच्या चिकित्सकाने अभ्यासावा. चिकित्सकाच्या मतावरच गुन्हा की उपचार हे ठरणार असेल, तर त्या मतावर देखरेख कोणी, कोणत्या कसोटीने आणि कधी करावयाची?

अपवादाचा पाया

आपल्याकडे गर्भपात हा मुळात गुन्हाच होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ मध्ये एकच अपवाद होता, तो म्हणजे स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेले कृत्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्येही हीच रचना कायम आहे. लपूनछपून होणाऱ्या गर्भपातांत स्त्रिया मरत होत्या, म्हणून १९६४ मध्ये केंद्र शासनाने समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे त्या वेळी महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला, १९७१ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला.

या कायद्याने स्त्रीच्या हाती थेट अधिकार दिला नाही, तर चिकित्सकाच्या मताभोवती संरक्षणाची भिंत बांधली, हे बारकाईने पाहिले पाहिजे. गर्भ चालू राहिल्यास स्त्रीच्या जिवाला धोका आहे, तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोहोचेल, किंवा बालकात गंभीर व्यंग असण्याचा मोठा संभव आहे, असे मत चिकित्सकाने ‘सद्भावनापूर्वक’ बनविले असेल तर तो गुन्हेगार ठरत नाही. मत बनविताना तिची आजची व नजीकच्या भविष्यातील परिस्थिती विचारात घेण्याची मुभाही त्यास आहे. पूर्वी बारा आठवड्यांपर्यंत एका व वीसपर्यंत दोन चिकित्सकांचे मत लागे. २४ सप्टेंबर २०२१ पासून वीस आठवड्यांपर्यंत एकाचे आणि वीस ते चोवीस या काळात, नियमांत सांगितलेल्या स्त्रियांच्या बाबतीत, दोघांचे मत पुरते. बलात्कारपीडित, अज्ञान मुली, गर्भारपणात विधवा वा घटस्फोटित झालेल्या, अपंग व मनोरुग्ण स्त्रिया, गर्भात व्यंग आढळलेल्या आणि आपत्तीत सापडलेल्या स्त्रिया असे ते वर्ग आहेत.

आता ‘सद्भावना’ या शब्दाकडे वळू. आपल्या कायद्यात याच्या दोन व्याख्या नांदतात, हे अनेक चिकित्सकांना ठाऊक नसते. १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमानुसार जे प्रामाणिकपणे केले ते सद्भावनेचे, मग त्यात हयगय असो वा नसो. फौजदारी संहितेत मात्र योग्य ती काळजी व लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेची मानली जात नाही. पहिली व्याख्या चिकित्सकाचे अंतःकरण तपासते, दुसरी त्याची नाडीवरील बोटे तपासते. आमच्या मते चिकित्सकाने स्वतःला दुसरीच व्याख्या लावावी. रुग्णेची तपासणी न करता, गर्भाचे वय न ठरविता दिलेले मत कितीही कनवाळू असले तरी ते मत नव्हे.

होकाराचा पहारा

चिकित्सकाचे मत मोकाट सोडावे असे कोणीच म्हणत नाही. आपल्या ग्रंथांतही ते मोकाट सोडलेले नाही. शास्त्राध्ययन व कर्माभ्यास पूर्ण झाल्यावर राजाची अनुज्ञा घेऊनच वैद्याने व्यवसायात प्रवेश करावा, असे सुश्रुत सूत्रस्थानात सांगतो. मूढगर्भाच्या चिकित्सेत तर तो याहून पुढे जातो. हे कर्म अत्यंत कष्टसाध्य असल्याने अधिपतीला विचारून, परम यत्नाने त्यास हात घालावा, असा त्याचा आदेश आहे. अधिपती म्हणजे राजा घ्या वा कुटुंबाचा स्वामी, कृतीपूर्वीची अनुमती तेथे स्पष्ट आहे. परंतु त्याच अध्यायात गर्भ मृत झाला असता जाणत्या वैद्याने क्षणभरही उपेक्षा करू नये, असेही तो बजावतो. अनुमती आणि त्वरा या दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात आहेत. (ज्या स्त्रीचे शरीर, तिला विचारल्याचा उल्लेख मात्र तेथे नाही. आजच्या कायद्यात प्रौढ व सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. पतीची सही लागत नाही. तरीही ती मागणारी रुग्णालये आहेत. कायद्याबाहेरच्या अशा अटी लादू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केले आहे.)

१९७१ च्या कायद्याची देखरेख अशाच धर्तीवर उभी आहे. स्थळ मान्यताप्राप्त हवे. स्त्रीची लेखी संमती हवी. गर्भसमापनानंतर तीन तासांच्या आत चिकित्सकाने आपले मत विहित नमुन्यात प्रमाणित करावयाचे. प्रवेश-नोंदवही गुप्त दस्तऐवज म्हणून जपावयाची, दरमहा जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडे विवरण पाठवावयाचे. पात्रता नसताना गर्भसमापन करणाऱ्यास किमान दोन व कमाल सात वर्षे सक्तमजुरी आहे. हा पहारा अनाठायी नाही. सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे मार्च २०१७ मध्ये एका स्त्रीच्या मृत्यूनंतर ओढ्याकाठी १९ गर्भ पुरलेले सापडले. होमिओपॅथीची पदवी असलेल्या व्यक्तीच्या रुग्णालयाशी जोडले गेलेले हे प्रकरण महाराष्ट्र विसरलेला नाही. लिंगनिवडीचा शाप असलेल्या राज्यात होकाराची नोंद काटेकोर असलीच पाहिजे.

पण या साऱ्या नमुन्यांची पाने उलटून पाहा. प्रत्येक नमुना होकाराचा आहे. ज्या चिकित्सकाने ‘हो’ म्हटले त्याने कारण लिहावयाचे, सही करावयाची, विवरण पाठवावयाचे. ज्याने वीस आठवड्यांच्या आत कायद्याने बसत असलेल्या स्त्रीला ‘नाही’ म्हटले, किंवा ‘पुढच्या सोमवारी या, बघू’ म्हटले, त्याला कोणताच नमुना भरावा लागत नाही. होकार चुकला तर तुरुंग आहे. नकार चुकला तर बहुधा कोणाला कळतही नाही. तराजूच्या एकाच पारड्यात वजने टाकली की काटा कुठे झुकेल हे सांगण्यास तर्कशास्त्र नको. खटल्याची भीती चिकित्सकांना मागे खेचते व ती स्त्रीच्या वाटेतील अडथळा ठरते, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये नमूद केले आहे. ही भीती चिकित्सकाच्या भ्याडपणातून नव्हे, देखरेखीच्या या रचनेतून आली आहे.

मंडळाचे मत आणि मंडळावरील मत

२०२१ च्या दुरुस्तीने वैद्यकीय मंडळ ही नवी संस्था कायद्यात आणली. स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ वा सोनोग्राफीतज्ज्ञ आणि शासन नेमील ते अन्य सदस्य, अशी तिची रचना आहे. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास गर्भसमापनास अनुमती द्यावी की नाकारावी, हे मंडळाने विनंती आल्यापासून तीन दिवसांत सांगावयाचे व अनुमती दिल्यास पाच दिवसांच्या आत ते पार पडेल हे पाहावयाचे. या संस्थेच्या पाठीशी इतिहास आहे. २००८ मध्ये मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी, गर्भाच्या हृदयात दोष आढळलेल्या आपल्या रुग्णेसह, मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. गर्भ चोवीस आठवड्यांच्या घरात होता, कायद्याची मर्यादा वीसची होती, परवानगी मिळाली नाही. पुढे वर्षानुवर्षे अशा स्त्रियांना न्यायालयातच जावे लागले व न्यायालय दर वेळी तज्ज्ञांची समिती नेमत राहिले. तीच प्रथा २०२१ मध्ये कायद्याचे कलम झाली.

कल्पना चांगली आहे. चरकाने विमानस्थानात वर्णिलेली तद्विद्यसंभाषा, म्हणजे त्या विद्येच्या जाणकारांशी केलेली चर्चा, हीच मुळात चिकित्सकाच्या निर्णयावरील सर्वोत्तम देखरेख होय. पण संभाषेत समोरासमोर बसून कारणे सांगावी लागतात व ऐकावी लागतात. मंडळाच्या दोन ओळींच्या शेऱ्यात ते घडते काय?

जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे तेहतीस आठवड्यांच्या गर्भाचे प्रकरण आले. गर्भात गंभीर व्यंग असल्याचे शासकीय मंडळाला मान्य होते, तरी काळ फार लोटला या मुख्य कारणाने त्याने नकार सुचविला होता. न्या. गौतम पटेल यांच्या खंडपीठाने तो मानला नाही. कायद्याने व्यंगाच्या बाबतीत आठवड्यांची मर्यादाच काढली असताना काळाचे कारण कसे चालेल, असा त्याचा रोख होता. निवडीचा अधिकार त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नव्हे, असे न्यायालयाने ठणकावले.

याहून बोलके प्रकरण २०२४ चे. लैंगिक अत्याचारातून गर्भवती झालेल्या महाराष्ट्रातील चौदा वर्षांच्या मुलीची तपासणी मुंबईच्या जे. जे. समूह रुग्णालयाच्या मंडळाने केली. मार्चअखेरीस मंडळाने मत दिले की मुलगी शरीराने व मनाने गर्भसमापनास योग्य आहे, उच्च न्यायालयाची अनुमती घ्यावी. काही दिवसांतच, ३ एप्रिल रोजी, त्याच मंडळाने ‘स्पष्टीकरण’ दिले की गर्भ सत्तावीस-अठ्ठावीस आठवड्यांचा असून त्यात व्यंग नाही, म्हणून समापन करू नये. मधल्या काळात मुलीची फेरतपासणी झालेली नव्हती. तिच्या देहात नवे काही आढळले नव्हते, मंडळाचे मत मात्र बदलले. ४ एप्रिलला उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या मंडळाकडून नव्याने तपासणी करविली आणि २२ एप्रिल रोजी अनुमती दिली. त्यानंतर मुलीच्या प्रकृतीच्या चिंतेने पालकांचा विचार पालटला व न्यायालयाने तो आदेश मागे घेतला. तोवर गर्भ तीस आठवड्यांपलीकडे गेला होता.

मात्र या निकालातील मंडळांविषयीचे निर्देश प्रत्येक चिकित्सकाने वाचण्याजोगे आहेत. मंडळाने केवळ व्यंग आहे की नाही एवढ्यावर थांबू नये, गर्भवतीच्या शरीर-मनाच्या स्थितीचे मूल्यमापन करून ते न्यायालयास सविस्तर सांगावे. मत बदलल्यास त्याची ठोस कारणे द्यावीत. गर्भवतीची इच्छा विचारात घ्यावी. देखरेख करणाऱ्यावरही देखरेख लागते आणि तिचे साधन एकच, लेखी कारण. चौदा वर्षांच्या मुलीचे जे दिवस गेले ते शास्त्रीय मतभेदापायी गेले असते तर समजण्यासारखे होते. ते गेले कारण न सांगितलेल्या मतबदलापायी.

ऑक्टोबर २०२३ चे उदाहरण उलट बाजूचे आहे. दोन मुलांची आई, प्रसूतीनंतरच्या मनोविकाराने ग्रस्त, सव्वीस आठवडे. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑक्टोबरला अनुमती दिली, दुसऱ्याच दिवशी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञाने गर्भ जगण्याची शक्यता कळवून मार्गदर्शन मागितले आणि १६ ऑक्टोबरला अनुमती रद्द झाली. निकाल कोणास पटो वा न पटो, येथे तज्ज्ञाने आपली शंका लेखी व उघडपणे मांडली. तिचा प्रतिवाद करता येत होता.

देशाबाहेरची दोन उदाहरणे

बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचे नाव आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आयर्लंडमधील गॉलवे येथे २१ ऑक्टोबर २०१२ रोजी, सतरा आठवड्यांच्या गर्भासह, त्या रुग्णालयात दाखल झाल्या. गर्भस्राव अटळ होता. (आपल्या परिभाषेत चौथ्या महिन्यापर्यंत स्राव व पाचव्या-सहाव्यात पात, त्या सीमेवरच होत्या.) गर्भोदक गेले होते. त्यांनी गर्भसमापनाची विनंती केली, पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू असल्याने ती मान्य झाली नाही. २४ तारखेस जंतुदोष रक्तात पसरल्याचे निदान झाले, २८ तारखेस त्या गेल्या. वय ३१ वर्षे.

तेव्हाच्या आयरिश कायद्यात स्त्रीच्या जिवाला ‘वास्तव व भरीव’ धोका असेल तरच अपवाद होता. मृत्युचौकशीत ज्येष्ठ प्रसूतितज्ज्ञ डॉ. पीटर बॉयलन यांनी साक्ष दिली, तिचा आशय असा : सोमवारी वा मंगळवारी गर्भ काढला असता तर त्या बहुधा वाचल्या असत्या, पण त्या दिवशी कायद्याला हवा तेवढा धोका नव्हता, आणि धोका झाला तेव्हा उशीर झाला होता. चिकित्सकाने रोग बळावण्याची वाट पाहावी अशी कायद्याचीच मागणी! अर्थात सर्व दोष कायद्यावर ढकलता येत नाही. प्रा. अरुळकुमारन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत नाडी, ताप, रक्तदाब यांच्या निरीक्षणातील ढिलाईही उघड झाली आणि आरोग्यसेवेच्या गुणवत्ता प्राधिकरणाने १३ हुकलेल्या संधी मोजल्या. कायदा आणि हयगय एकमेकांच्या आड लपतात, ते असे.

मे २०१८ मध्ये तेथील जनतेने सार्वमताने घटनेतील बंदी उठविली. नवा कायदा १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला. त्यातही जिवाच्या वा आरोग्याच्या कारणास्तव दोन चिकित्सकांचे सद्भावनापूर्वक मत लागते. पण एक तरतूद आम्हांस फार मोलाची वाटते. चिकित्सकाने नकार दिला किंवा मतच दिले नाही, तर स्त्री फेरविचाराची मागणी करू शकते. समिती तीन दिवसांत बसवावयाची व पुढील सात दिवसांत निर्णय द्यावयाचा. म्हणजे तेथे नकारावरही देखरेख आहे आणि ती मागण्याचा हक्क रुग्णेचा आहे. आपल्या कायद्यात वीस आठवड्यांच्या आतील नकाराला अशी दाद नाही. दुसरा चिकित्सक शोधणे किंवा न्यायालय गाठणे एवढेच तिच्या हाती राहते.

अमेरिकेतील टेक्सास राज्याने दुसरे टोक गाठले. २०२२ पासून तेथे गर्भपातास जवळजवळ पूर्ण बंदी आहे व चिकित्सकास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. अपवाद जिवावरच्या संकटाचा. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चिकित्सकाची प्रामाणिक समजूत पुरेशी नाही, ‘वाजवी वैद्यकीय निर्णय’ हवा. म्हणजे इतर जाणत्या चिकित्सकांनाही जो वाजवी वाटेल असा. ऐकावयास हे रास्त आहे. आम्ही वर पुरस्कारिलेल्या काळजीच्या कसोटीशी ते जुळतेही. फरक आहे तो शिक्षेत. भारतात वैद्यकीय निष्काळजीपणाच्या फौजदारी प्रकरणांसाठी २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने घोर निष्काळजीपणाची अट घातली आणि स्वतंत्र चिकित्सकाचे मत आधी घेण्यास सांगितले. मतभेद आणि गुन्हा यांत तेथे अंतर ठेवले आहे. टेक्सासात ते अंतर नाहीसे झाले. न्यायालयाने सुचविल्यावर तेथील वैद्यक परिषदेने जून २०२४ मध्ये नियम केले, तेही मुख्यत्वे होकार देणाऱ्याने काय काय लिहावे याचेच. अखेर जून २०२५ मध्ये विधिमंडळाला कायदा दुरुस्त करून सांगावे लागले की संकट अगदी दारात येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. जे एका मुहूर्ताचीही उपेक्षा नको म्हणणाऱ्यास ठाऊक होते, ते लिहून घ्यावयास तीन वर्षे लागली.

आपल्या चिकित्सालयात

आपल्या हातून गर्भसमापन व्हावयाचे नाही. त्यासाठीच्या आधुनिक गोळ्याही आपण द्यावयाच्या नाहीत आणि ‘पाळी आणण्यासाठी’ तीक्ष्ण-उष्ण द्रव्यांचे प्रयोगही करावयाचे नाहीत. त्यात रक्तस्राव अपुरा व गर्भ शेष राहिल्याने होणारे उपद्रव आपणांस माहीत आहेत. पण आपले ‘थोडे थांबू, काढा घेऊन पाहू’ हेही एक मतच असते. तो न लिहिलेला नकार असतो.

म्हणून आर्तवलोपाच्या प्रत्येक रुग्णेची लघवीची तपासणी त्याच दिवशी करावी. गर्भ असल्यास आणि तो नको असल्यास मान्यताप्राप्त केंद्राचे नाव लिहून चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीत शेवटच्या पाळीची तारीख, आजचे अंदाजे आठवडे, नाडी, ताप, रक्तदाब, रक्तस्राव असल्यास त्याचे मान आणि आपली तपासणी झाल्याची वेळ असावी. ‘पुढील उपचारार्थ’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी कुचकामी होय. रुग्णा अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार कळविण्याचे कर्तव्य आपणांवरही आहे. ते पार पाडताना तिची रवानगी खोळंबू देऊ नये.

ताप, दुर्गंधी स्राव, वाढलेली नाडी, ओटीपोटात स्पर्शासहत्व यांपैकी काही आढळल्यास आठवडे मोजत बसू नये. अशा वेळी कायद्याचे कलम ५ लागू होते. स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी तातडीने आवश्यक असेल तेथे एका नोंदणीकृत व्यवसायीचे मत पुरते, आठवड्यांची मर्यादा व दुसऱ्याच्या मताची अट उरत नाही. समोरच्या रुग्णालयाने ‘मंडळाकडे जा’ म्हणून परत पाठविले तर दूरध्वनीवरून त्या चिकित्सकाशी स्वतः बोलावे, नकाराचे कारण विचारावे आणि ते त्याच्या नावासह, वेळेसह आपल्या नोंदवहीत उतरवून घ्यावे. त्याची एक प्रत रुग्णेजवळ द्यावी, म्हणजे पुढच्या दारात तिला पहिल्यापासून सांगावे लागणार नाही.